लांब शिट्टी झाली की काय करायचं? पोहण्याच्या पहिल्या शर्यतीसाठी मुलांच्या मनाची तयारी

माझी लेक बालेवाडीच्या तलावात पहिल्यांदा शर्यत पोहली तेव्हा ती दहा वर्षांची होती. ५० मीटर फ्रीस्टाइल, लेन सातवी. पंचांनी आखूड-आखूड शिट्ट्या दिल्या, मग एक लांब शिट्टी. बाकीच्या सात जणी ब्लॉकवर, म्हणजे काठावरच्या उडी मारायच्या चौथऱ्यावर, चढल्या. ही खालीच उभी, मान वर करून गॅलरीत मला शोधत होती. लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर चढायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. शेवटी मागे बसलेल्या टाइमकीपर बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला वर चढवलं. ती पूर्ण पोहली. बाहेर येऊन गॉगल काढला तेव्हा डोळे लालबुंद होते, आणि पहिलं वाक्य होतं, "मम्मी, सगळ्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं."

ते वाक्य मी विसरलेले नाही. तेव्हापासून सोलापुरात सकाळच्या बॅचला लहान मुलांना शिकवते, दरवर्षी पाच-सात नवी मुलं पहिल्या शर्यतीला नेते. त्यातून एकच गोष्ट मनात पक्की झाली आहे. मूल घाबरतं ते बहुतेक वेळा अनोळखी गोष्टीला. पाणी त्याच्या ओळखीचं असतं. शिट्टी, शांतता, अनोळखी पोरं, खोल दिसणारा तळ हे सगळं नवीन असतं. त्यामुळे मनाची तयारी म्हणजे शर्यतीच्या सकाळी दिलेलं भाषण नाही. शर्यतीतली प्रत्येक अनोळखी गोष्ट आधीच ओळखीची करून ठेवणं, हे खरं काम.

सोलापूरकरांना हे नव्याने सांगायची गरज नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेतले सात नंदीध्वज पेलणारे भक्त संक्रांतीच्या दिवशी पहिल्यांदा काठी उचलत नाहीत. यात्रेच्या कितीतरी दिवस आधी त्यांचा सराव सुरू होतो. वजन, तोल, रस्ता, गर्दी हे सगळं अंगात मुरलेलं असतं. मुलांच्या शर्यतीचंही तसंच करायचं आहे. स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी सुरुवात केलीत तर पुरे.

पहिलं काम : धडधडीची ओळख करून द्या

मुलाला शांतपणे सांगा की शर्यतीआधी छातीत धडधडेल, हात गार पडतील, पोटात गोळा येईल, पुन्हा पुन्हा लघवीला जावंसं वाटेल, जांभयासुद्धा येतील. हे सगळ्यांना होतं, जिंकणाऱ्यांनाही. शरीर कामाला लागलं की हृदय स्नायूंना जास्त रक्त पोचवायला लागतं, त्याचीच ती धडधड. "घाबरू नको" असं म्हणू नका. घाबरलेल्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपण काहीतरी चुकीचं करतोय. त्याऐवजी विचारा, "आता कुठे वाटतंय? पोटात की छातीत?" मूल बोट ठेवून दाखवतं आणि दाखवता दाखवता थोडं सैलावतं. हे घरी, परीक्षेच्या आधी किंवा गॅदरिंगच्या दिवशीही करून बघता येतं.

सोबत श्वासाची एक साधी सवय लावा. नाकाने चार अंक मोजत श्वास आत, तोंडाने सहा अंक मोजत बाहेर, असं पाच वेळा. श्वास सोडणं लांबलं की हृदयाची गती उतरते. रोज रात्री अंथरुणावर करून घेतलं तर तलावावर आठवण करून द्यावी लागत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. काही मोठी मुलं ब्लॉकमागे उभं राहून जोरजोरात, भराभर श्वास घेतात आणि लहान मुलं त्यांची नक्कल करतात. हे धोक्याचं आहे. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची इच्छाच उशिरा होते आणि मूल पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतं. पाण्याखाली कोण किती वेळ राहतो, अशा पैजा तर कधीच लावू देऊ नका. श्वास संथच हवा.

दुसरं काम : शर्यत कशी सुरू होते ते पाठ करून घ्या

माझी लेक जिथे अडली, ती ही जागा. म्हणून यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

क्रम असा असतो. आखूड शिट्ट्यांची माळ ऐकू आली की वरचे कपडे काढायचे, टोपी-गॉगल नीट करायचे. लांब शिट्टी झाली की ब्लॉकवर चढायचं. बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहायची शर्यत, असेल तर पहिल्या लांब शिट्टीला पाण्यात उतरायचं आणि दुसऱ्या लांब शिट्टीला भिंतीशी येऊन हँडल धरायचं. मग स्टार्टरचा आवाज येतो, "टेक युअर मार्क्स". वाकायचं आणि पुतळ्यासारखं स्थिर व्हायचं. मग भोंगा. भोंग्याआधी निघालं तर बाद. दुसरी संधी मिळत नाही.

भोंग्याआधीची ती शांतता मुलांना सगळ्यात जास्त खाते. ती एक-दोन सेकंदांचीच असते, पण मुलाला फार लांब वाटते. तिचाच सराव करायचा. मी गळ्यात शिट्टी अडकवते आणि ऑर्डर दिल्यावर कधी लगेच, कधी तीन सेकंदांनी, कधी त्याहूनही उशिरा भोंग्याचा आवाज देते. मोबाइलवर असे आवाज मिळतात. कधी मुद्दाम दुसऱ्याच माणसाला स्टार्टर करते. तलावावरच्या वॉचमनकाकांनी कितीतरी वेळा आमच्यासाठी हे केलंय. त्यांचा आवाज जाडाभरडा, पोरांना अजिबात सवयीचा नसलेला, आणि म्हणूनच उपयोगाचा. अंदाजाने उडी मारायची सवय असलेली पोरं आठवडाभरात आवाजाची वाट बघायला शिकतात.

तुमच्या तलावात ब्लॉक नसेल तर काठावरून करा. ब्लॉकची उंची नंतर बघता येते, आवाजाची सवय आधी व्हायला हवी.

शर्यतीच्या तलावाबद्दलही आधीच बोलून ठेवा. आमच्या बऱ्याच मुलांचा सराव लहान तलावात होतो, आणि ५० मीटरचा तलाव पहिल्यांदा बघितला की पलीकडची भिंत गावाबाहेर असल्यासारखी वाटते. फोटो दाखवा. तळाची काळी रेघ भिंतीच्या थोडं अलीकडे संपते आणि तिथे आडवी रेघ असते, हे सांगा. लेनच्या दोरीवरचे शेवटच्या पाच मीटरचे मणी वेगळ्या रंगाचे असतात, तेही सांगा. आमच्याकडे खेड्यांतून येणारी, विहिरीत शिकलेली पोरं असतात. त्यांना खोलीचं काही वाटत नाही, पण दोन दोऱ्यांमध्ये सरळ पोहायचं म्हटलं की ती बावचळतात. शहरातल्या तलावात वाढलेल्यांचं नेमकं उलट. कोणाला कशाची ओळख नाही, हे बघूनच तयारी करा.

तिसरं काम : डोळे मिटून शर्यत पोहायची

हे घरी करायचं. खाली चादर अंथरा, मुलाला बसवा, डोळे मिटायला सांगा, हातात स्टॉपवॉच द्या. आखूड शिट्ट्यांपासून सुरुवात. क्लोरिनचा वास, पायाखालचा ओला ब्लॉक, टोपीमुळे कानांत दबलेला आवाज. भोंगा वाजला की मूल स्वतःच बटण दाबतं आणि मनात पोहायला लागतं. गॅलरीतून दिसतं तसं बघायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांना पाण्यात जे दिसतं ते बघायचं. भिंतीला हात लागला की पुन्हा बटण.

आता घड्याळ बघा. मूल ५० मीटरला खरोखर ४५ सेकंद घेत असेल आणि मनातली शर्यत १८ सेकंदांत संपली असेल, तर मधला मोठा भाग त्याला दिसलेलाच नाही. विचारा, "मध्ये काय झालं?" मागच्या वर्षी एका मुलाने यावर फार खरं उत्तर दिलं. म्हणाला, "टीचर, मधलं मला माहीतच नाय. तिथं मी नुसता दमतो की." मग आम्ही त्या दमण्याच्या जागेवरच काम केलं. अर्ध्यानंतर हात जड होतात तेव्हा काय मोजायचं, पाय कसे चालू ठेवायचे. दोन आठवड्यांनी त्याची मनातली शर्यत खऱ्या वेळेच्या तीन-चार सेकंद इकडेतिकडे येऊ लागली.

शेवट नेहमी भिंतीवर बोटं टेकण्याने करा. दोरीपलीकडे कोण आहे ते बघण्याने नव्हे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं कांस्य २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकलेला हा जलतरणपटू. मुलांना हे सांगितलं की भिंतीला हात लावणं म्हणजे काय, ते वेगळं समजवावं लागत नाही.

मनात म्हणायचा एखादा छोटा शब्दही ठरवा आणि तो मुलाच्या घरच्या भाषेत असू द्या. आमच्या बॅचमध्ये तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी अशी सगळी घरं आहेत. पहिल्या पंधरा मीटरमध्येच जीव काढणाऱ्या एका पोराला मी "हळू, हळू" सांगून थकले. त्याच्या आजी तलावावर आल्या आणि काठावरून एकदाच तेलुगूत म्हणाल्या, "मेल्लगा रा", म्हणजे "हळू ये". पोराचे खांदे तिथल्या तिथे खाली आले. आता त्याचा शब्द तोच आहे.

चौथं काम : बिघडलं तर काय, हे आधीच ठरवा

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सचा गॉगल २०० मीटर बटरफ्लायमध्ये पाण्याने भरला. त्याला जवळजवळ काही दिसत नव्हतं. त्याने आपण किती हात मारले ते मोजलं, भिंत कधी येणार हे त्याला मोजणीवरून ठाऊक होतं, आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतलं. तो मनात वाईट शर्यतींचाही सराव करायचा. गॉगल भरणं त्याच्यासाठी नवीन नव्हतं.

म्हणून मुलाबरोबर बसून "झालं तर" अशी यादी करा. गॉगल निसटला तर? तो तसाच राहू द्यायचा, हात मोजायचे. नाकात पाणी गेलं तर? पुढचा श्वास एक हात लवकर. दोरीला हात आपटला तर? पुढचा हात सरळ. वळण चुकलं तर? भिंतीला पाय नीट लावून पुढे. प्रत्येकाला एकच छोटी कृती. आठवड्यातून एकदा सरावात खरोखरच गॉगल काढून एक लांबी पोहून घ्या.

बॅकस्ट्रोकच्या मुलांसाठी मोजणी तर हवीच. भिंतीपासून पाच मीटरवर डोक्यावर पताका असतात. पताका दिसल्यापासून भिंतीपर्यंत आपले किती हात लागतात, हे प्रत्येक मुलाला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. ज्या मुलाला तो आकडा माहीत नसतो ते मान वळवून बघतं किंवा डोकं आपटेल म्हणून आधीच थांबतं.

बाद होण्याबद्दलही आधीच बोला. आमचा एक मुलगा जिल्ह्याला ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पहिला आला आणि पाच मिनिटांनी कळलं की शेवटी भिंतीला एकच हात लागला. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. तो तासभर कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आला नाही. त्याला वाटलं, आपण फसवलं असं सगळे म्हणतायत. बाद म्हणजे फसवणूक नव्हे, नियमातली चूक, हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं. आता सगळ्यांना सांगते आणि सरावात प्रत्येक भिंतीला दोन हातांचा आवाज ऐकते.

ध्येय आणि लेन

पहिल्या शर्यतीला पदक हे ध्येय ठेवू नका. शेजारच्या लेनमध्ये कोण येणार, हे मुलाच्या हातात नसतं. त्याच्या हातात असतं ते असं : भोंग्यापर्यंत स्थिर राहणं, पहिले तीन हात श्वास न घेता, शेवटचे दहा मीटर पाय चालू. यातल्या दोनच गोष्टी निवडा. वेळेचं ध्येय द्यायचंच असेल तर त्याच्या स्वतःच्या मागच्या वेळेशी तुलना करा.

लेनबद्दल एक गैरसमज घरोघरी असतो. "कडेची लेन दिली म्हणजे आपल्याला कमी लेखलं." तसं नसतं. आठ लेनच्या तलावात नोंदवलेल्या वेळेनुसार सगळ्यात वेगवान मुलाला चौथी लेन मिळते, मग पाचवी, तिसरी, सहावी अशी वाटणी होते. ज्याची वेळच नोंदलेली नाही तो नवा स्पर्धक हळू गटात किंवा कडेला येतो. हे मुलाला आधी सांगितलं की यादी लागल्यावर त्याचं तोंड उतरत नाही.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. विभागाला पुण्याची मुलं भेटतात. उंच, महागडे सूट, क्लबच्या टोप्या. आमची मुलं मार्शलिंगच्या खोलीत, म्हणजे शर्यतीआधी स्पर्धकांना एकत्र बसवतात तिथे, त्यांच्याकडे बघत बसतात आणि शर्यत तिथेच अर्धी हरतात. त्या खोलीसाठी मुलाला काम द्या. गॉगलचा पट्टा तपासायचा, हात वीस वेळा फिरवायचे, पाच संथ श्वास, मग आपल्या शब्दाची आठवण. मी तिथे जाण्याआधी मुलांना सुयश जाधवबद्दल सांगते. आपल्या करमाळा तालुक्यातला, लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावलेला, आणि २०१८ ला जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलेला. आपल्या जिल्ह्यातलं कुणीतरी अशाच खोलीत बसून पुढे गेलंय, एवढं कळलं की मुलं ताठ बसतात.

आदला दिवस आणि स्पर्धेची सकाळ

पुण्यात स्पर्धा असेल तर आदल्या दिवशी जा. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून स्टेशनवरून बालेवाडी गाठेपर्यंत सकाळचा वॉर्मअप होऊन गेलेला असतो, आणि धावतपळत आलेलं मूल कितीही तयारी केलेली असली तरी बिथरतं. जमलं तर संध्याकाळीच तलाव दाखवून आणा. ब्लॉक कुठे, स्वच्छतागृह कुठे, आपण कुठे बसणार.

बॅग मुलानेच भरायची. दोन गॉगल, दोन टोप्या, दोन टॉवेल आणि एक सोलापुरी चादर. चादर पांघरून बसलं की अंग गार पडत नाही, शिवाय घरचा वास असतो. खाणं रोजचंच, शर्यतीच्या दोन-तीन तास आधी; पोहे, इडली, केळं. नवीन काही नको, तिखट नको. शेंगाचटणी-भाकरी परतीसाठी बांधून ठेवा.

अकरा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलींशी पाळीबद्दल आईने किंवा मोठ्या मुलीने आधीच मोकळेपणी बोलावं. स्पर्धेच्या तारखेला आली तर काय वापरायचं, पोहायचं की नाही, हे तिला ठरवू द्या. ती भीती मनात दडपून ब्लॉकवर उभी राहिलेली मुलगी मी पाहिली आहे. तिच्या मनात शर्यतीला जागाच उरलेली नव्हती.

शर्यतीआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात नवी सूचना देऊ नका. "कोपर वर ठेव", "मागच्या वेळेसारखं करू नको" हे सगळं सरावाला. तेव्हा फक्त जवळ असा. गॅलरीतून ओरडलात तरी पाण्यात त्याला ते कळत नाही. ब्लॉकवर उभं असताना मात्र ऐकू येतं आणि लक्ष उडतं.

भिंतीला हात लागल्यानंतर

पहिला प्रश्न "किती टाइम आला?" असू नये. मी हे अनेकदा चुकीचं केलंय. ओल्या अंगाने, दम लागलेला असताना माझी लेक मला आकडा सांगायची आणि माझा चेहरा वाचायची. पुढे पुढे ती बाहेर आल्यावर आधी बोर्डाकडे बघायची, मग माझ्याकडे. ते नजरेचं वळण माझ्यामुळे तिला लागलं, आणि सुटायला दोन वर्षं गेली.

टॉवेल द्या, पाणी द्या, "भूक लागली का?" विचारा. रडत असेल तर रडू द्या, कारण शोधू नका. संध्याकाळी, गाडीत, खाऊन झाल्यावर दोन प्रश्न विचारा : "कुठे छान वाटलं?" आणि "पुढच्या वेळी काय वेगळं करशील?" उत्तर त्याच्या वहीत त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. वेळ, तारीख, तलाव, आणि पोटातला गोळा किती मोठा होता, तेही. तीन-चार शर्यतींनंतर मूल स्वतःच पानं उलटून बघतं की मागच्या वेळीही गोळा होता आणि तरी पोहलो होतो.

एक वेगळी गोष्ट. मूल दर शर्यतीआधी उलट्या करत असेल, आठवडाभर झोपत नसेल, सरावाच्या सकाळीच पोट दुखतं म्हणत असेल, तर शर्यती काही महिने थांबवा आणि बालरोगतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला दाखवा. तलावावर कुणी मारतं का, घालूनपाडून बोलतं का, नकोसं वागतं का, हेही एकांतात विचारा आणि मुलाच्या उत्तरावर विश्वास ठेवा.

स्पर्धेनंतरच्या पहिल्या सरावाला मी वही उघडायला सांगते. मागच्या वेळी एका मुलीने लिहिलं होतं, "लांब शिट्टीला पाय थरथरले, पण मी चढले." त्या दिवशी आम्ही दहा वेळा फक्त लांब शिट्टी आणि ब्लॉकवर चढणं एवढंच केलं. उडीसुद्धा नाही.